काळम्मावाडीच्या पाण्यावरचे तीन दिवे: एका मासेमारी नावेचं प्रकरण

नाव सोळा फुटांची, फायबरची, आतून-बाहेरून पांढरी. इंजिन नाही, दोन वल्ही. मालक दोघे सख्खे भाऊ, कोल्हापूर जिल्ह्यातल्या काळम्मावाडी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे. संध्याकाळी जाळी सोडायची, पहाटे तीनच्या सुमारास उचलायला निघायचं आणि उजाडायच्या आत कटला, रोहू, मृगळ, चिलापी बर्फाच्या पेटीत घालून कोल्हापूरच्या गाडीला लावायची, हा त्यांचा रोजचा क्रम. माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चारचाकी आणि ट्रॅक्टरच्या वायरिंगचं. नावेला मी तोवर कधी हात लावला नव्हता.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. धाकटा भाऊ खांद्यावर एक लांबलचक एलईडी बार घेऊन दुकानात आला. जीपच्या टपावर लावतात तसला. मागून थोरले आले, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.

"मिस्त्री, ह्याच्यापेक्षा मोठ्ठा दिवा द्या. धुक्यातनं आरपार जाईल असला," धाकटा म्हणाला.

झालं असं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यानं स्वतःच हा बार नावेच्या तोंडाशी बसवला होता. मोटारीची एक जुनी बॅटरी, साधी दोन तारांची वायर, मध्ये एक बटण. सुरुवातीला दोघंही खूश. मग थंडी पडली, पहाटे पाण्यावर धुकं बसायला लागलं. एका पहाटे बार लावून निघाले तर समोर पांढरी भिंत उभी. पाण्यातून वर आलेली झाडांची जुनी खुंटं दिसेनात, जाळ्याचे तरंगते डबे दिसेनात. तेवढ्यात डावीकडून दुसरी नाव आली आणि काठाला काठ घासला. आण्णांची बोटं मध्ये सापडली. नशीब, हाडं शाबूत राहिली.

त्या दिवशी दुकानात आण्णा फार बोलले नाहीत. जाता जाता एकच वाक्य म्हणाले: "त्याला आमी दिसलोच न्हाई. आमचा उजेड सगळा फुडं, आन् त्यो आला बाजूनं."

सगळं प्रकरण या वाक्यात होतं. धाकट्याला लांबवर दिसायला हवं होतं. आण्णांना दुसऱ्याला आपण दिसायला हवं होतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एका दिव्यानं ती होत नाहीत. बाजारात विकला जातो तो पहिल्या कामाचा दिवा. जीव वाचवतो तो दुसऱ्या कामाचा.

आधी मी तो बार टेबलावर लावून मोजला. खोक्यावर 120 वॉट छापलेलं. मीटरवर 12.4 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे साधारण 56 वॉट. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा आतल्या एलईडींच्या कमाल ताकदीची बेरीज असते. दिवा प्रत्यक्षात बॅटरीतून किती ओढतो ते मोजल्याशिवाय कळत नाही. बॅटरीचा हिशेब तर या ओढण्यावरच होतो, म्हणून दिवा घेताना मीटर सोबत असावा, नाहीतर निदान दुकानदाराकडून मोजून घ्यावा.

दुसरी गोष्ट त्यांना विचारल्यावर कळली. बार दोनदा मध्येच पटकन विझला होता. "आदी काय बी सांगत न्हाई, एकदम अंधारच," धाकटा म्हणाला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जुना हॅलोजन बॅटरी उतरत आली की पिवळा पडायचा, माणसाला कळायचं की आता परत फिरावं. या एलईडी दिव्यांच्या आत एक सर्किट असतं, ते व्होल्टेज कमी झालं तरी उजेड तेवढाच ठेवतं, उलट त्यासाठी करंट जास्त ओढतं. मग एका क्षणी बॅटरी झेपेनाशी होते आणि दिवा जातो. शिवाय मोटारीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोरदार करंट द्यायला बनवलेली. तिच्या पातळ प्लेटा रोज रात्री तळापर्यंत उतरवल्या की काही महिन्यांत ती बसते. त्यांची बसलीच होती.

दुकानात बसून हे काम होणार नाही हे मला उमगलं. शनिवारी संध्याकाळी गारगोटी रस्त्यानं निघालो, मुदाळ तिट्ट्यावरून उजवीकडं वळलो आणि रात्री त्यांच्याकडेच मुक्काम केला. 2023 च्या दिवाळीत थेट पाईपलाईननं कोल्हापूरच्या नळाला आलं ते हेच पाणी. दिवसा पर्यटक बघतात ते निळं पाणी. पहाटे तीनला ते नुसतं काळं असतं आणि त्याचा आवाज फक्त वल्ह्याच्या टोकाशी असतो.

नावेत बसल्यावर आण्णांनी पहिल्यांदा सगळे दिवे बंद करायला लावले. माझ्या मोबाईलचासुद्धा. पंधरा-वीस मिनिटं आम्ही अंधारातच वल्हवत होतो, आणि हळूहळू मला काठ दिसायला लागला, डोंगराची कड दिसली, नंतर पाण्यावरचा जाळ्याचा डबाही दिसला. डोळ्याला अंधार पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ही सवय एका झगझगीत झोतात क्षणात मोडते. आण्णा गेली तीस वर्षं याच नजरेवर वल्हवतायत. बार लावल्यापासून त्यांची ती नजरच गेली होती. बारच्या झोतात येईल तेवढंच दिसायचं, बाकी सगळीकडं त्यांच्यासाठी ठार अंधार. त्या पहाटे डावीकडची नाव त्यांना दिसली नाही यात नवल नव्हतं.

धुक्याचंही तेच. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. डोळ्याच्या जवळून, त्याच दिशेनं जोरदार उजेड फेकला की तो थेंबांवर आपटून डोळ्याकडंच परत येतो. उजेड वाढवला की भिंत आणखी पांढरी होते. आरपार जाणारा दिवा मिळत नाही असं मी धाकट्याला सांगितलं. तो नाराज झाला. त्याचं वय पंचवीस, तो बार त्यानं स्वतःच्या पैशानं आणला होता.

जाळं उचलताना मी नुसता बघत बसलो होतो. उजेड नेमका कुठं लागतो? आण्णा तोंडाशी उभे राहून जाळं ओढतात, धाकटा मागे बसून नाव सांभाळतो. मासा सोडवताना दोन्ही हात गुंतलेले. उजेड हवा तो हातांपासून फूट-दीड फुटावर, नावेच्या तळाशी आणि काठाबाहेर हातभर पाण्यावर. एवढंच. पन्नास मीटर पुढचं दिसण्याची गरज त्या तासाभरात एकदाही पडली नाही. खुंटं चुकवण्यासाठी मधूनमधून झोत लागायचा, पण त्याला हातातला चांगला टॉर्च पुरतो, हवा तेव्हा लावायचा आणि विझवायचा.

म्हणून तीन दिवे ठरले. पहिला, दुसऱ्यांना दिसण्याचा: चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, 2 वॉटचा, काठीच्या टोकाला, अंधार पडल्यापासून नाव काठाला लागेपर्यंत सतत चालू. दुसरे, कामाचे: 9 वॉटचे दोन छोटे दिवे तोंडाकडच्या भागात. तिसरा हातातला झोत.

चारी बाजूंच्या पांढऱ्या दिव्यामागं समुद्रावरच्या नियमांचा विचार आहे. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 7 मीटरपेक्षा लहान आणि 7 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 13 किलोमीटरच्या, आत चालणाऱ्या इंजिनाच्या नावेला असा एक पांढरा दिवा चालतो. जमलं तर डावीकडं लाल आणि उजवीकडं हिरवा लावावा असं म्हटलेलं आहे. वल्ह्याच्या नावेला तर पेटता कंदील किंवा टॉर्च हाताशी ठेवून टक्कर टळेल इतक्या आधी दाखवला तरी पुरतो. हे नियम समुद्रासाठी आहेत, धरणाच्या पाण्यासाठी नाहीत. पण त्यातलं शहाणपण धरणावर खोटं होत नाही. लाल-हिरवे दिवे मी सुचवले नाहीत, कारण आजूबाजूच्या नावांवरच्या कुणालाच त्यांचा अर्थ माहीत नाही. पांढरा ठिपका दिसला की तिथं नाव आहे, एवढं मात्र सगळ्यांना कळतं.

पहिली बसवणी माझी चुकली. मी कामाचे दोन्ही दिवे काठीवरच, पांढऱ्या दिव्याच्या दोन फूट खाली, खाली तोंड करून लावले. दुकानात छान वाटलं होतं. पाण्यावर गेल्यावर नावेचा पांढरा आतला भाग आरशासारखा उजळला. ओल्या पांढऱ्या फायबरवरून उजेड उसळून सरळ आण्णांच्या डोळ्यात. आण्णा म्हणाले, "ह्यो बी बारचा भाऊच की." शिवाय काठी मध्यावर उभी केल्यामुळं जाळं ओढताना दोनदा तिच्यात अडकलं.

मग सगळं उतरवलं. कामाचे दिवे काठाच्या आतल्या बाजूला, पसरट काठाच्या खाली, तळापासून फूटभर उंचीवर बसवले. एक डावीकडं, एक उजवीकडं, थोडे आत वळवून. तिथून ते थेट डोळ्यात येत नाहीत, हातांची सावली एका दिव्यात पडली तर दुसरा ती भरून काढतो. आण्णा उभे राहतात तिथल्या तळाला आणि आतल्या बाजूंना काळपट राखाडी मॅट रंग दिला. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत जास्त फरक त्या रंगाच्या डब्यानं पडला, आणि दिव्यांच्या दुकानात तो मिळत नाही.

दिव्यांचा रंगही बदलला. आधीचे निळसर पांढरे, 6500 केल्विनचे. त्यांच्याभोवती किड्यांचा नुसता पाऊस. मासा सोडवताना तोंडात, डोळ्यात किडे. निळसर उजेडाकडं किडे जास्त ओढले जातात. 3000 केल्विनचे पिवळट घेतले. किडे गेले नाहीत, पण सोसण्याइतके कमी झाले. माशाचा रंग पिवळट उजेडात नीट कळत नाही अशी धाकट्याची तक्रार होती, ती खरी आहे. निवड करायची तिथं मी डोळ्याच्या बाजूनं केली.

इथं त्यानं आणखी एक विचारलं. "पाण्यात सोडायचा हिरवा दिवा असतोय न्हवं? कोकणात लावत्यात. मासा आपसुक येतोय म्हणं." मी तो लावून द्यायला साफ नकार दिला. समुद्रात एलईडीच्या उजेडानं मासा गोळा करून मारण्यावर केंद्र सरकारनं 2017 मध्ये बंदी घातली आहे, आणि मालवणकडचे पारंपरिक मच्छीमार या मासेमारीविरुद्ध किती वर्षं झगडतायत हे आपण वाचतोच. धरणातला हिशेब तर आणखी सरळ. उजेडाकडं आधी बारीक जीव येतात, त्यांच्यामागं लहान मासा येतो. मच्छीमार संस्था ज्या बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, पाण्यात सोडते, त्याच जाळ्याच्या तोंडाशी आणायच्या? आण्णा मध्येच म्हणाले, "सोडायचं आपुनच आन् मारायचं बी आपुनच?" विषय तिथं संपला.

पलीकडच्या काठाला दाजीपूरचं जंगल आहे, पहाटे गवे पाण्यावर येतात. नावेच्या काठाखालचे दिवे तिकडं झोत टाकत नाहीत, हा एक आपोआप झालेला फायदा.

आता काठी. ती मागच्या टोकाला नेली, साडेसहा फुटांची, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून दिवा चारी बाजूंना दिसेल. ॲल्युमिनियमचा पाईप, बुडाशी बेचक्यात बसणारा, खिट्टी काढली की आडवा होणारा. दिव्याच्या खाली वीतभर व्यासाची काळी चकती लावली. तिच्यामुळं उजेड आडवा पसरतो, नावेत खाली पडत नाही आणि आण्णांची अंधारातली नजर शाबूत राहते. ही चकती एका जुन्या फिल्टरच्या झाकणाची आहे.

जाळ्याबद्दल एक सांगायला हवं, कारण मोटारीच्या मिस्त्रीला ते सुचत नाही. जाळं कशातही अडकतं. बोल्टचं टोक, वायरची क्लिप, दिव्याच्या ब्रॅकेटचा कोपरा, केबल टायचं कापलेलं टोक. एका अडकलेल्या धाग्यापायी उभा माणूस तोल जाऊन पाण्यात जाऊ शकतो. सगळं बसवून झाल्यावर आण्णांनी जाळ्याचा एक फाटका तुकडा घेतला आणि नावेच्या आतल्या बाजूनं सगळीकडून हळूहळू ओढत नेला. चार ठिकाणी अडकला. त्या चार ठिकाणी मी कानस मारली, टोपणनट लावले, परत ओढला. आता मी कुठल्याही नावेवर ही परीक्षा घेतल्याशिवाय काम संपलं म्हणणार नाही.

वायरचा हिशेब थोडक्यात. बॅटरी मागच्या फळीखाली, दिवे तोंडाकडं. वायर काठाकाठानं वळत गेली की जायला सहा मीटर, यायला सहा. धाकट्यानं बारला वापरलेली वायर 1 चौरस मिलिमीटरची होती. तिचा बारा मीटरचा रोध साधारण 0.22 ओम. साडेचार अँपिअरला एक व्होल्ट वायरीतच गेला, म्हणजे बॅटरी बारा व्होल्टची असली तरी दिव्याला अकराच मिळत होते, आणि तो विझण्याचं तेही एक कारण. नव्या दोन्ही दिव्यांचा मिळून करंट दीड अँपिअर. त्यांना मी 2.5 ची वायर टाकली, रोध 0.09 ओमच्या आसपास, घट दीडशे मिलिव्होल्टच्या आत. गरजेपेक्षा जाड आहे हे कबूल. पण पातळ वायर ओढाताणीत तुटते आणि ओलीत लवकर सडते. तांब्याच्या तारांवर कथिल चढवलेली वायर घेतली. महाग पडते. गोड्या पाण्यात समुद्राइतका गंज नसतो, तरी दिवसरात्र ओल असतेच आणि उघडं तांबं हिरवं पडतंच.

जोड कमीत कमी, एकही तळाशी नाही. प्रत्येक जोड दाबून, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी श्रिंक नळी. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, दिव्यात जात नाही. दिवे आयपी 67 चे आहेत, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी झालेले, पण ती चाचणी दिव्याची. जिथून वायर आत जाते तिथंच पुढं पाणी शिरतं.

फ्यूज धाकट्याच्या वायरिंगमध्ये नव्हताच. फायबरच्या नावेत, पाण्याच्या मधोमध, बॅटरीच्या दोन तारा शॉर्ट झाल्या तर वायर लालबुंद होते आणि पळायला जागा नसते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत लावला. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरीला उघडं सोडतो, ही चूक मी ट्रॅक्टरवरही नेहमी बघतो.

बॅटरीवरून आमची बराच वेळ चर्चा झाली. कामाचे दिवे 18 वॉट, रोज संध्याकाळ-पहाट मिळून चार तास, म्हणजे 72 वॉट-तास. शिसं-आम्लाची 12 व्होल्ट 26 अँपिअर-तासाची बॅटरी घेतली तर तिच्यात 312 वॉट-तास, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. वजन आठ किलोच्या पुढं. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्ट 12 अँपिअर-तासाची घेतली तर 153 वॉट-तास, त्यातले 80 टक्के बिनधास्त वापरता येतात, वजन दोन किलोच्या आत. बॅटरी रोज घरी नेऊन चार्ज करायची होती आणि घाट चढून वर पाऊण किलोमीटर चालायचं होतं. वजनावर निर्णय झाला. मात्र लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, मग आतलं संरक्षण सर्किट अचानक तोडतं. म्हणजे मघाचीच "एकदम अंधार"ची तक्रार पुन्हा.

म्हणून काठीवरच्या पांढऱ्या दिव्याला स्वतंत्र बॅटरी दिली. यूपीएसमध्ये असते तसली 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची. त्यात 84 वॉट-तास. दिवा 2 वॉटचा, दोन्ही वेळचे मिळून सहा तास म्हणजे रोजचे 12. कामाचे दिवे कधीही जाऊ देत, नाव दुसऱ्याला दिसत राहिली पाहिजे. या एका गोष्टीवर मी अडून बसलो, खर्च वाढतो म्हणून धाकटा कुरकुरला तरीही. सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले, त्यात माझी मजुरी धरलेली नाही.

पावसाळ्यात नाव उपडी करून ठेवली होती. पाऊस उघडल्यावर मी पुन्हा गेलो. डाव्या दिव्याचा एक जोड हिरवा पडलेला सापडला. श्रिंक नळी नीट तापवली नव्हती, काम माझंच. कापून नवा केला. बेचक्याची खिट्टी हरवली होती, तिच्याजागी आण्णांनी बाभळीची पाचर ठोकली होती आणि ती खिट्टीपेक्षा घट्ट बसली होती, म्हणून तशीच ठेवली. बार आता धाकट्याच्या मित्राच्या जीपवर आहे.

बोटं घासली ती नाव ज्यांची, ते गृहस्थही त्या दिवशी घाटावर आले. काठीवरचा दिवा त्यांना पलीकडच्या वळणापासून दिसतो म्हणाले. त्यांना आणि आणखी एकाला तसाच पांढरा दिवा हवाय, कामाचे दिवे सध्या नकोत. पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. आण्णांनी निरोप ठेवलाय की येताना त्या राखाडी रंगाचा आणखी एक डबा आणा, तोंडाकडच्या काठावरचा घासून पांढरा पडलाय.